घडी घाला, फुंकर मारा, आकाश गाठा!

विमान कसं उडतं? वर्गात हा प्रश्न आला की फळ्यावर एक पंख उमटतो, त्याच्याभोवती चार बाण येतात, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि धडा संपतो. उड्डाणाची खरी कहाणी मात्र उलट्या क्रमानं घडली आहे. आधी कुणीतरी कागद दुमडला, खोकं पिळलं, पतंग उडवला, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. सूत्रं मागाहून आली. माणूस ज्या क्रमानं उडायला शिकला, त्याच क्रमानं मुलांना शिकवलं तर विषय डोक्यात पक्का बसतो. म्हणून ही झटपट सफर: विमानं आणि अंतराळातल्या गमतीदार पण खऱ्याखुऱ्या गोष्टी, आणि त्यांच्या जोडीला घरातल्याच सामानातून करायचे उद्योग.

१. रिकाम्या खोक्यातून सुटलेलं कोडं

१८७८ साली मिल्टन राइट यांनी मुलांसाठी एक खेळणं आणलं. कॉर्क, बांबू आणि कागदाचं. रबरबँडला पीळ देऊन सोडलं की ते भिरभिरत छताकडे जायचं. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘बॅट’, म्हणजे वटवाघूळ. खेळणं मोडलं, तर त्यांनी आपल्या हातानं नवी बनवली.

पुढे १८९९ मध्ये, डेटन गावातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानात, विल्बरच्या हाती सायकलच्या ट्यूबचं रिकामं लांबट खोकं होतं. बोलता बोलता त्यानं ते पिळलं. एका टोकाचा कोपरा वर गेला, दुसऱ्या टोकाचा खाली आला. विमानाचा तोल हवेत सांभाळायचा कसा, या कोड्याचं उत्तर त्या पिळात होतं. लगेच पाच फुटी पतंग तयार करून भावांनी ही युक्ती वाऱ्यात तपासली.

करून पाहा: टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याची दोन्ही टोकं उघडा. ते आडवं धरून दोन हातांनी विरुद्ध दिशांना हळूच पिळा. वरचा आणि खालचा पृष्ठभाग म्हणजे दोन मजली विमानाचे पंख. एक बाजू वाऱ्याला जास्त भिडते, दुसरी कमी, आणि विमान कलतं.

२. विमानापेक्षा आखूड उड्डाण

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं. वेळ १२ सेकंद, अंतर १२० फूट, म्हणजे सुमारे ३६.५ मीटर. आज देशभर फिरणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाची लांबी ३७.५७ मीटर आहे. जगातलं पहिलं विमान-उड्डाण आजच्या एका विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंतही पुरलं नसतं!

करून पाहा: शाळेच्या मैदानावर ३६.५ मीटर मोजून दोन रेघा आखा. घड्याळ लावून मुलांना पळायला सांगा. १२ सेकंदांच्या आत बहुतेक सगळे पोचतील. मग विचारा, विमान इतकं हळू का गेलं? उत्तर वाऱ्यात आहे. त्या दिवशी समोरून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा होता. जमिनीवरून पाहता विमान सावकाश सरकत होतं, पण पंखांवरून हवा जोरात वाहत होती, आणि पंखाला तेवढंच हवं असतं. आजही विमानं शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतात आणि उतरतात.

३. धावपट्टीवरचा आकडा वाचता येतो?

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या पश्चिम टोकाला ०९ लिहिलंय आणि पूर्व टोकाला २७. हा अनुक्रमांक नव्हे, ही होकायंत्रावरची दिशा आहे. ९० अंश म्हणजे पूर्व. शेवटचं शून्य गाळलं की ०९. २७० अंश म्हणजे पश्चिम. शून्य गाळलं की २७. दुसऱ्या धावपट्टीवर १४ आणि ३२ आहेत. कुठल्याही धावपट्टीच्या दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, कारण उलट दिशा म्हणजे १८० अंश.

करून पाहा: मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन शाळेच्या व्हरांड्याला ‘धावपट्टी क्रमांक’ द्या. खडूनं दोन्ही टोकांना आकडे लिहा. अंश, दिशा आणि जवळच्या दहाच्या पटीत पूर्णांकन, तिन्ही एका फेरीत होतात.

४. ८८ मीटर उडालेला एक कागद

कागदी विमानाचा अंतराचा जागतिक विक्रम ८८.३१८ मीटर आहे. २ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या तीन तरुण अभियंत्यांनी तो केला. एकच कागद, हातानं फेकलेला, आणि राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या दुपटीहून लांब! हवेत जास्तीत जास्त वेळ राहण्याचा विक्रम जपानच्या ताकुओ तोदा यांनी गाजवला: २९.२ सेकंद. लांब जाणारं विमान वेगळं, तरंगत राहणारं वेगळं. घडी बदलली की स्वभाव बदलतो.

इथे जरा थांबू या, कारण कागदी विमान ही वर्गातली सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा आहे. विमान सोडलं आणि ते सरळ जमिनीकडे गोता खातं? पंखाची मागची कड बोटानं किंचित वर वळवा. कडेवरून जाणारी हवा शेपटीला खाली दाबते, नाक उचललं जातं. आता विमान वर चढून मध्येच अडखळतं आणि धपकन पडतं? म्हणजे नाक जास्त उचललं गेलं. वळवलेली कड थोडी सपाट करा किंवा नाकाशी एक यू-पिन लावा. सारखं डावीकडे वळतं? दोन्ही पंख समोरून पाहा. बहुधा एकाची कड जास्त वाकलेली असेल. खऱ्या विमानाच्या पंखांना आणि शेपटीला हलत्या पट्ट्या असतात, वैमानिक त्यांच्याकडून नेमकं हेच काम करून घेतो.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. प्रत्येक फेक पावलांनी मोजायची आणि वहीत लिहायची. चौथीतलं मूलही हा तक्ता करू शकतं, आणि मोठ्या प्रयोगशाळेतला अभियंताही असाच तक्ता करतो. राइट बंधूंनी १९०१ मध्ये लाकडी पेटीत वारा सोडून पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने असेच तपासले होते.

५. पंखाची चुकीची गोष्ट

‘पंखाच्या वरची हवा लांबचा रस्ता कापते, म्हणून ती जोरात पळते आणि मागच्या कडेला खालच्या हवेला वेळेवर गाठते.’ पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. वातबोगद्यात धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोचलेली दिसते. गाठ पडण्याचा करार कुणी केलेलाच नाही! शिवाय विमानं उलटी होऊनही उडतात. सरळ सांगायचं तर पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते.

करून पाहा: जाळी असलेल्या टेबलफॅनसमोर पुठ्ठा आधी सपाट धरा, मग पुढची कड किंचित वर करा. हात उचलला जातो. पुठ्ठ्याच्या मागच्या कडेला दोऱ्याचे तुकडे चिकटवले तर हवा खाली कशी वळते ते डोळ्यांना दिसतं.

६. संक्रांतीचा पतंग, भौतिकशास्त्राचा मास्तर

पतंगाची कन्नी बांधणं हे कसबाचं काम, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. त्या गाठीमुळे पतंग वाऱ्याला किती तिरका भिडणार ते ठरतं. गाठ बोटभर वर सरकवली की पतंग कमी तिरका होतो, खाली सरकवली की जास्त उभा राहतो. हाच कोन विमानाच्या पंखालाही असतो आणि वैमानिकाचं अर्धं लक्ष त्यावर असतं. एकाच पतंगाची तीन ठिकाणी कन्नी बांधा, एकाच वाऱ्यात उडवा आणि ओढ कुठे जास्त लागते ते बोटांनी ओळखा. दोरा साधा सुती घ्या. नायलॉनचा मांजा पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो.

७. सायकलपंपावरचं रॉकेट

सोडावॉटरची प्लॅस्टिकची बाटली, घट्ट बूच, त्यातून काढलेला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह, थोडं पाणी आणि एक पंप. बाटली उलटी उभी करून हवा भरत राहा. दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली आकाशात. न्यूटनचा तिसरा नियम कपडे भिजवून शिकवला जातो! दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन विद्यापीठाच्या चमूनं २०१५ मध्ये पाणी आणि दाबलेल्या हवेवर चालणारं रॉकेट ८३० मीटरपर्यंत चढवलं. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे.

पाणी किती भरायचं हे मुलांनाच शोधू द्या: रिकामी, पाव, एक तृतीयांश, अर्धी, जवळजवळ भरलेली. पाणी कमी असेल तर मागे फेकायला वजन कमी पडतं. जास्त असेल तर दाबलेल्या हवेला जागा उरत नाही. बहुतेक वेळा एक तृतीयांशाच्या आसपासची बाटली बाजी मारते. काळजी तेवढी घ्या: बाटली सोड्याचीच हवी, कारण ती दाब सोसण्यासाठी बनवलेली असते. चीर गेलेली बाटली टाकून द्या. डोळ्यांवर चष्मा, मोठं माणूस शेजारी, आणि बाटलीवर कुणीही वाकायचं नाही.

८. दिवाळीच्या रॉकेटला काडी कशाला?

१७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत म्हैसूरच्या सैन्यानं इंग्रजांवर लोखंडी नळीची रॉकेटं सोडली. इंग्रज त्यांचे नमुने घेऊन गेले आणि विल्यम काँग्रिव्हनं त्यांवरून ब्रिटिश रॉकेटं घडवली. २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात एका जुन्या विहिरीत अशी हजाराहून जास्त रॉकेटं सापडली. अमेरिकेतल्या वॉलॉप्स या रॉकेट-केंद्राच्या स्वागतकक्षात या युद्धाचं चित्र पाहिल्याची आठवण डॉ. अब्दुल कलामांनी लिहून ठेवली आहे.

या रॉकेटांना लांब बांबू बांधलेला असे. तो मागे राहून रॉकेटचं तोंड पुढे ठेवतो, नाहीतर रॉकेट कोलांट्या खातं. करून पाहा: पेन्सिलीवर कागद गुंडाळून नळी करा, एक टोक चिकटपट्टीनं बंद करा, नळी स्ट्रॉवर चढवा आणि फुंका. भेलकांडत जाईल. आता मागे तीन कागदी पंख चिकटवून पुन्हा फुंका. फरक मुलंच ओरडून सांगतील.

९. चर्च, सायकल आणि बैलगाडी

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारतातलं पहिलं अंतराळ-रॉकेट झेपावलं. रॉकेट अमेरिकी बनावटीचं, नाइके-अपाचे. तिथलं सेंट मेरी मॅग्डालीन चर्च हे कार्यालय झालं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले गेले. थुंबाच का? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं आणि शास्त्रज्ञांना वरच्या वातावरणाचा अभ्यास नेमका तिथेच करायचा होता.

१९८१ साली ‘ॲपल’ हा दळणवळणाचा उपग्रह चक्क बैलगाडीवर चढवला गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागी घ्यायची होती आणि भोवती धातूचं वाहन नको होतं, कारण धातू रेडिओलहरींना परतवतो. लाकडी बैलगाडी हे त्या प्रश्नाचं अचूक उत्तर होतं. करून पाहा: चालू रेडिओ किंवा मोबाइल आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. आवाज आणि रेंज कुठे पडते ते पाहा.

१०. झटपट फेरी

• राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं कापड आणि लाकूड १९६९ मध्ये अपोलो-११ सोबत चंद्रावर जाऊन आलं. त्याच कापडाचा चिमुकला तुकडा आज ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरवर, मंगळावर आहे.

• ‘इन्जेन्युइटी’ हे नाव सुचवलं अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीनं, वनीझा रुपाणीनं. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं ते यंत्र ७२ वेळा उडालं.

• भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी गेला. मंगळावरचं पहिलं उड्डाणही १९ एप्रिललाच झालं, २०२१ मध्ये.

• माणसानं फुग्यातून पहिलं मुक्त उड्डाण केलं २१ नोव्हेंबर १७८३ रोजी, पॅरिसमध्ये. थुंब्याचं पहिलं रॉकेट बरोबर १८० वर्षांनी, त्याच तारखेला.

• एनसीसीच्या एअर विंगमधले छात्र ज्या बाल्सा लाकडातून विमानांच्या प्रतिकृती कोरतात, ते नखानंही दबतं. वनस्पतिशास्त्र मात्र त्याची गणना ‘हार्डवुड’ गटात करतं.

• ०.१ मिलिमीटर जाडीचा कागद ४२ वेळा दुमडता आला, तर त्याची जाडी चंद्राच्या पलीकडे जाईल: सुमारे ४ लाख ४० हजार किलोमीटर. कॅल्क्युलेटर घ्या आणि दुप्पट करत चला.

• पृथ्वी म्हणून बास्केटबॉल घेतला तर चंद्र म्हणजे टेनिसचा चेंडू. दोघांत अंतर किती ठेवाल? बहुतेक जण हातभर ठेवतात. खरं प्रमाण आहे सात मीटरांहून थोडं जास्त.

११. अंतराळवीर तरंगतात, कारण ते पडत असतात

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणापैकी सुमारे ९० टक्के तिथे शिल्लक असतं! स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून ती तरंगताना दिसतात.

करून पाहा: प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, बोटानं बंद करून पाणी भरा. बोट काढलं की धार लागते. आता स्टुलावर उभं राहून धार चालू असतानाच बाटली खाली बादलीत सोडून द्या. पडताना धार थांबते. बाटली आणि पाणी एकाच वेगानं पडतात, पाण्याला बाहेर यायला कारण उरत नाही. मोबाइलवर संथ गतीनं चित्रण करा. एकदा पाहून कुणाचंच समाधान होत नाही.

१२. हातोडा आणि पीस

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडली. दोन्ही एकाच वेळी जमिनीवर टेकली, कारण तिथे पिसाला अडवायला हवाच नव्हती. आपल्याला चंद्रावर जायची गरज नाही. वहीचं पान आणि जाड पुस्तक वेगवेगळं सोडा, पान रेंगाळतं. मग पान पुस्तकावर ठेवून सोडा. आता हवा कापायचं काम पुस्तक करतं आणि पान त्याला चिकटून खाली येतं.

१३. रांगोळीतलं लोणार

बुलढाण्याचं लोणार सरोवर म्हणजे अवकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेनं बेसॉल्टच्या कातळात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. चंद्रावरच्या काळ्या मैदानांतही बेसॉल्टच आहे, म्हणून जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ लोणारकडे डोळे लावून असतात.

करून पाहा: परातीत चार बोटं कणीक पसरा, वर रंगीत रांगोळीचा पातळ थर द्या. वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या सोडा. खड्डा पडतो, कडा उचलल्या जातात आणि आतली पांढरी कणीक रंगावरून किरणांसारखी फाकते. चंद्राच्या टायको विवराभोवती असेच किरण दिसतात. मग गोटी तिरकी फेकून पाहा. खऱ्या उल्का बहुतेक तिरक्याच आदळतात, तरी विवरं जवळजवळ गोल पडतात. कारण त्यांच्या प्रचंड वेगामुळे तिथे स्फोटच होतो.

१४. अंडं उतरवा, फोडू नका

चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये आदळलं. त्यातून शिकून चांद्रयान-३ चे पाय जास्त बळकट केले गेले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते अलगद उतरलं. अपोलोच्या चांद्रयानांच्या पायांत मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी होती. धक्का बसला की ती चेपायची आणि माणसं वाचायची. १९९७ मध्ये ‘मार्स पाथफाइंडर’ हवेच्या पिशव्या गुंडाळून मंगळावर पडलं आणि १५ हून जास्त उसळ्या मारून थांबलं.

करून पाहा: प्रत्येक गटाला एक अंडं, स्ट्रॉ, रबरबँड, जुनं वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी द्या. पहिल्या मजल्यावरून सोडायचं, फुटता कामा नये. शाळेत अंडं चालत नसेल तर पिकलेला टोमॅटो घ्या, तो आणखी कठीण परीक्षक. फुटलेल्या यानाची ‘चौकशी समिती’ त्याच गटानं बसवायची: आधी काय तुटलं, का तुटलं, पुढच्या वेळी काय बदलायचं.

१५. पॅराशूटमधला गुप्त निरोप

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ हे यान मंगळावर उतरताना त्याचं नारिंगी-पांढरं पॅराशूट उघडलं. त्या पट्ट्यांच्या नक्षीत एका अभियंत्यानं द्विमान पद्धतीत एक ब्रीद विणून घेतलं होतं. अर्थ असा, की मोठी कामं अंगावर घेण्याची हिंमत धरा. हौशी लोकांनी काही तासांत ते वाचूनही दाखवलं.

करून पाहा: पांढरा मणी म्हणजे शून्य, रंगीत मणी म्हणजे एक. पाच मण्यांत ३२ वेगवेगळ्या जोड्या होतात. इंग्रजी मुळाक्षरांना आकडे देऊन आपल्या नावाची माळ ओवा आणि मित्राला ओळखायला द्या. राखीपौर्णिमेच्या आधी केलं तर निरोप मनगटावरच बांधता येईल.

१६. अंतराळात गेलेले मूग, मेथी आणि टोमॅटो

१९८४ मध्ये ‘नासा’नं टोमॅटोच्या सुमारे १ कोटी २५ लाख बिया एका यानातून अंतराळात ठेवल्या. त्या जवळजवळ सहा वर्षांनी, जानेवारी १९९० मध्ये परत आल्या आणि शाळकरी मुलांना पेरायला वाटल्या गेल्या.

ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका अंतराळातून धडा शिकवणार होती. २८ जानेवारी १९८६ च्या ‘चॅलेंजर’ यानाच्या दुर्घटनेत ती आणि तिचे सहा सहकारी गेले. तिची राखीव जोडीदार बार्बरा मॉर्गन, तीही शिक्षिकाच, २१ वर्षांनी, २००७ मध्ये अंतराळात गेली. सोबत बेसिलच्या, म्हणजे सब्जाच्या जातीच्या, १ कोटी बिया होत्या. मॅकऑलिफनं आखलेले काही प्रयोग पुढे २०१८ मध्ये स्थानकावर करून दाखवले गेले. करणारे दोघेही आधी शिक्षक होते.

२०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी त्याच स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले. तिथून ते हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोललेही.

करून पाहा: काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूनं ओला टीपकागद लावा, कागद आणि काचेमध्ये भिजवलेले मूग अडकवा. मूळ खाली वळलं की पेला आडवा करा. एक-दोन दिवसांत तेच मूळ काटकोनात वळून पुन्हा खाली जातं. ‘खाली’ कुठे हे रोपाला गुरुत्वाकर्षणावरून कळतं. मग मुलांना विचारा: स्थानकावर मूळ कुठे वळत असेल?

१७. टूथब्रशनं वाचवलेलं काम

सप्टेंबर २०१२ मध्ये स्थानकाबाहेर एक बोल्ट बसेना, कारण आट्यांत धातूचा कीस अडकला होता. सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांनी साध्या टूथब्रशपासून केलेल्या अवजारानं तो साफ केला आणि बोल्ट बसला. करून पाहा: हिवाळी हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवा, हात पाण्याच्या टबात बुडवा आणि नट-बोल्ट जुळवा. घड्याळ लावा. अंतराळवीर तासन्‌तास पाण्याखाली सराव का करतात, ते बोटांना कळेल.

१८. खोक्याएवढा उपग्रह

१९९९ मध्ये प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांना विद्यार्थ्यांनी बांधावा असा लहान उपग्रह हवा होता. आकार ठरवताना दुकानात मिळणारं खेळण्याचं प्लॅस्टिकचं खोकं त्यांना पसंत पडलं. त्यातून १० सेंटिमीटर बाजूचा घन ठरला: क्यूबसॅट. पुढे असे घन मंगळापर्यंत गेले.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा सुमारे १ किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही रॉकेटातून कक्षेत गेला. आपली दिशा राखायला तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आधार घ्यायचा, आतल्या चुंबकामुळे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. काम मात्र पुढच्या हातांत जात राहिलं.

आणि ‘आझादीसॅट’ची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी अशी. ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्याचे भाग जुळवले. ७ ऑगस्ट २०२२ रोजी रॉकेटच चुकीच्या कक्षेत गेलं आणि उपग्रह हातचा गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ कक्षेत पोचला!

१९. सावली गायब होण्याचा दिवस

सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो, हा समज मोडायला एक पाइपचा तुकडा पुरे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि सगळा महाराष्ट्र, सगळा गोवा त्याच्या दक्षिणेला. म्हणून आपल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनच दिवस सूर्य अगदी माथ्यावर मिळतो. दिल्लीला एकही नाही. गोव्यात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी संधी पावसाळ्यात, ढगांच्या मर्जीवर.

सपाट फरशीवर पाइप सरळ उभा करा. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा. सावली आखडत पाइपाच्या पायाशी येते आणि नाहीशी होते. घड्याळ बघा: मुंबईत तेव्हा साधारण १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात, नागपुरात १२ वाजून १० मिनिटं. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, म्हणून हा फरक. मे महिना सुट्टीचा, मुलं मामाच्या गावी पांगलेली. वर्गाचा फोनगट करा, प्रत्येकानं आपल्या गावची वेळ कळवायची. जून उजाडता वर्गाकडे स्वतः मोजलेला महाराष्ट्राचा नकाशा तयार!

२०. सहीच्या बदल्यात प्रश्न

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची, तेव्हा ते सांगायचे: पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. आणि उत्तरं यायची. त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधनसंस्थेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी बनवली आणि ती कशी करायची ते सगळ्यांना फुकट खुलं करून दिलं. महागड्या साहित्याची सबब त्या दोघांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवलेली नाही.

आता प्रश्न वेळेचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची शिफारस केली आहे. एक दिवस कागदी विमानांना द्या, एक बाटलीच्या रॉकेटला, एक अंड्याच्या यानाला. प्रत्येक गटाला एक वही द्या आणि तीन रकाने आखा: काय बदललं, काय मोजलं, पुढे काय करू. विमान पडलं तर हसू नका, ‘का पडलं?’ एवढंच विचारा. सरकारी शाळेतल्या मुली उपग्रहाचे भाग जुळवू शकतात, तर कुठल्याही शाळेला, कुठल्याही घराला हे जमण्यासारखं आहे. उत्तर सांगायची घाई मात्र करू नका. ते शोधून काढण्याचा पहिला हक्क मुलांचा आहे.